एकट्याची मोहीम: विज्ञानकथेतल्या मिनिएचर युद्धखेळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनी, म्हणजे खेळातल्या सैनिकांच्या बोटभर बाहुल्या, रंगवून झाल्या, फासे आणले, नियम वाचले, पण समोर बसायला कोणी नाही. इंदुरात या छंदाला लागलेल्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. मला स्वतःला एकट्यानं चालवलेली मोहीम हा या खेळाचा सगळ्यात समृद्ध प्रकार वाटतो, म्हणून नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत.

समोर खेळाडू नसताना युद्धखेळ खेळायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमच्या टोळीचे निर्णय तुम्ही घ्यायचे. शत्रूचे निर्णय मात्र आधी लिहून ठेवलेल्या सूचनांवरून, फासे आणि पत्ते वापरून काढायचे. एक लढाई म्हणजे एक डाव. असे सहा-आठ डाव एका कथेत ओवले, एका डावातली जखम, कमाई आणि दुश्मनी पुढच्या डावात नेली, की ती मोहीम.

१८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झचा युद्धखेळ रुजला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मधे एक पंच बसायचा. कोणाला काय दिसतं, कोणाचा गोळा कुठे लागला, हे तो फासा टाकून सांगायचा. आपल्या महूसारख्या लष्करी गावात अजूनही वॉरगेम हा शब्द नवा नाही, आणि तिथेही पंच लागतोच. एकट्याच्या खेळात पंचाचं काम कागद करतो. तो कागद डाव मांडण्याआधी लिहिलेला हवा. एकट्यानं खेळण्याची सगळी कला या आधीच्या लिहिण्यात आहे, आणि खालची बरीच उत्तरं त्याच मुद्द्याशी येऊन थांबतील.

कोणते नियम घ्यावेत?

मुळातच एकट्या खेळाडूसाठी लिहिलेले नियम हवे असतील तर ‘फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम’ घ्या. छोटी टोळी, मोडकं-तोडकं जहाज, दर वेळी नवं काम, आणि लढाईच्या आधी-नंतर टाकायचे भरपूर तक्ते अशी त्याची रचना आहे. तक्त्यांची सवय नसेल तर सुरुवातीला पानं उलटण्यातच संध्याकाळ जाते. दोन-तीन डावांनंतर हात बसतो.

आधी खिशातून काही न घालता चव घ्यायची असेल तर वन पेज रूल्स या प्रकाशकांचा ‘ग्रिमडार्क फ्यूचर: फायरफाइट’ बघा. त्याचे मूळ नियम फुकट मिळतात आणि थोडक्यात आहेत. मोहिमेचा सांगाडा मात्र मग तुम्हीच उभा करायचा. खालची उत्तरं कोणत्याही नियमांवर बसतील अशी ठेवली आहेत.

मिनी किती लागतात आणि इंदुरात मिळतात कुठे?

तुमच्या बाजूला पाच-सहा, शत्रूच्या बाजूला आठ-दहा. एवढ्यावर पहिली मोहीम आरामात पूर्ण होते. शत्रू एकाच प्रकारचे असले तरी चालतं, उलट बरंच. एकच सूचना-कार्ड सगळ्यांना लागू पडतं.

बाहेरून मागवलेल्या ब्रँडेड मिनी महाग पडतात. शहरात थ्रीडी प्रिंट करून देणारे आहेत, त्यांना फाइल दिली की काम होतं. रेझिनमध्ये बारकावे उत्तम येतात. स्वतः छापणार असाल तर हातमोजे, खिडकी उघडी आणि मिनी धुऊन अतिनील प्रकाशात पूर्ण कडक करणं, यात सवलत नाही. न वाळलेलं रेझिन त्वचेला आणि फुप्फुसांना त्रास देतं. लहान मुलं फिरतात त्या खोलीत ते यंत्र ठेवू नका.

आणि कागदी मिनी कमी लेखू नका. जाड आर्ट कार्डवर दोन्ही बाजूंनी छापायचं, कापायचं, खाली सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी वॉशर चिकटवायचा. वॉशरमुळे मिनी पंख्याच्या वाऱ्यानं पडत नाही, आणि डब्याच्या तळाला चुंबकपट्टी लावली तर प्रवासातही जागची हलत नाही.

हत्यारांसाठी, आपण रात्री खायला जातो त्या सराफ्याच्या आसपास एकदा दुपारी जा. सोनारकामाच्या बारीक कानशी, टोकदार चिमटे, हातानं फिरवायचं छोटं ड्रिल, सगळं तिथे मिळतं. छंदाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या हत्यारांपेक्षा ते टिकतं जास्त आणि पडतं स्वस्त.

२८ मिलिमीटर घेऊ की १५?

हे आकडे म्हणजे मिनीची साधारण उंची. रंगवण्याची हौस असेल तर २८. चेहरा, पट्टे, बंदुकीवरचा ओरखडा, सगळं रंगवता येतं. जागा कमी आणि कल्पना मोठी असेल तर १५.

हे एका ओळखीच्या उदाहरणावरून बघा. आपल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातलं इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं यंत्र, हे सुमारे १७२ मीटर परिघाचं वर्तुळ. त्यात इलेक्ट्रॉन २.५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत नेले जातात. व्यास निघतो ५५ मीटरच्या आसपास. १५ मिलिमीटरच्या मिनींचं प्रमाण ढोबळमानानं १:१००. म्हणजे पूर्ण वर्तुळ ५५ सेंटिमीटरमध्ये, दोन फुटी फळीवर मावलं! २८ मिलिमीटरचं प्रमाण १:५६ च्या आसपास. तिथे तेच वर्तुळ जवळपास एक मीटर होतं आणि तीन फुटी टेबलाबाहेर जातं. वर्तुळाकार बोगद्यात समोरचा कायम वळणाआड असतो. कोण कोणाला दिसतं हा प्रश्न प्रत्येक पावलाला नव्यानं पडतो. अशा जागेत एक डाव खेळून बघाच.

आमच्याकडे वेगळं टेबल नाही. चालेल?

चालेल. दोन बाय दोन फुटांची एमडीएफची फळी दिवाणावर, टीपॉयवर, कुठेही बसते. डाव अर्धवट राहिला तर उचलून कपाटावर ठेवता येते, आणि एकट्यानं खेळताना डाव अर्धवट राहतोच. मिनी हलू नयेत म्हणून फळीला सँडपेपर चिकटवा. तो रंगवला की जमीनही तयार.

टेरेनसाठी, म्हणजे टेबलावरच्या भिंती, टेकड्या आणि आडोशांसाठी, काय वापरावं?

दिवाळीत किल्ला केलेल्या हातांना हे शिकवावं लागत नाही. दगड-मातीऐवजी सनबोर्ड, पुठ्ठा, थर्माकोल, औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, बाटल्यांची झाकणं घ्यायची. सनबोर्ड शाळेच्या प्रोजेक्टसाठी खजुरी बाजारातल्या दुकानांत मिळतो तोच. धारदार कटरनं स्वच्छ कापला जातो आणि अंतराळतळाच्या भिंतींना लागतो तसा गुळगुळीत असतो. गोळ्यांची पाकिटं उलटी चिकटवून त्यावर करडा रंग दिला की नियंत्रणकक्षाचं पॅनेल झालं.

दोन सावधगिऱ्या. थर्माकोलवर थेट स्प्रे मारू नका, फेविक्विकही लावू नका. दोन्हींनी ते विरघळून खड्डे पडतात. आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. आणि बेसवर (मिनीच्या पायाखालच्या चकतीवर) माळव्याची काळी माती वापरायची असेल तर ती चाळून, तव्यावर कोरडी भाजून घ्या, म्हणजे बुरशी आणि किडे येणार नाहीत. ती माती परग्रहाची जमीन म्हणून फार सुंदर दिसते. कडांवर फिकट राखाडी रंग कोरड्या ब्रशनं फिरवला की प्रत्येक कण वेगळा उठून येतो.

टेबलावर किती आडोसा हवा? कोणत्याही दोन आडोशांमधलं अंतर मिनीच्या एका चालीपेक्षा जास्त नको, एवढं पाळलं तर पुरे. मोकळ्या टेबलावर लिखित शत्रू फार दुबळा पडतो.

पावसाळ्यात प्रायमर (रंगाआधी द्यायचा पहिला हात) खरबरीत का येतो?

हवेतल्या दमटपणामुळे. स्प्रेचे थेंब मिनीवर नीट पसरत नाहीत आणि पृष्ठभाग पावडर लावल्यासारखा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रशनं लावायचा प्रायमर वापरा. एप्रिल-मेमध्ये उलट त्रास: ॲक्रेलिक रंग पॅलेटवरच सुकतो. बशीत ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, म्हणजे तासभर तरी ओला राहतो. कॅम्लिन किंवा फेविक्रिलचे रंग चालतात का, असंही विचारतात. चालतात. पाणी घालून पातळ करा आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्या.

मोहिमेची गोष्ट सुचत नाही. कुठून सुरुवात करू?

इतिहासातून. आणि इंदूरकरांना त्यासाठी लांब जायला नको.

१८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनच्या इंग्रज फौजेचा जो पाठलाग केला, तो घ्या. जुलैमध्ये मॉन्सन मुकुंदऱ्याच्या खिंडीतून मागे फिरला. चिखलात तोफा रुतल्या, त्या निकामी करून सोडून द्याव्या लागल्या. धान्य संपत आलं, नद्या फुगलेल्या, मागे होळकरांचे घोडेस्वार. ऑगस्टात बनास नदीवर मोठी झुंज झाली आणि महिनाअखेरीला उरलेसुरले लोक कसेबसे आग्र्याला पोचले. यातली माणसं आणि गावं बाजूला ठेवून फक्त सांगाडा बघा. एक थकलेली तुकडी, लांबचा सुरक्षित तळ, वाटेतले अडथळे, आणि मागून येणारा, वेगानं तुमच्याहून सरस असलेला शत्रू. एकट्याच्या मोहिमेला याहून चांगला सांगाडा मिळणं कठीण, कारण शत्रूला काय हवं आहे ते स्वच्छ आहे. त्याला तुम्हाला गाठायचं आहे.

आता तो अंतराळात न्या. ग्रहाचं नाव चर्मण्वती. आपल्या जानापावला उगम पावणाऱ्या चंबळेचं हे जुनं नाव आहे. खाणवसाहत पडली आहे. कप्तान रखमा, मेकॅनिक दाजी, वैद्य बाळंभट, टिटवी नावाचा टेहळणी ड्रोन आणि दोन रंगरूट अवकाशतळाकडे निघाले आहेत. मागे यंत्रपेंढारी.

कागदावर १२ घरांची एक पट्टी काढा. तुमची टोळी तिसऱ्या घरात, पाठलाग शून्यावर. प्रत्येक लढाईनंतर, जिंकलात तर दोन घरं पुढे, हरलात तर एक. मग पाठलागासाठी एक फासा: १ ते ३ आला तर तो एक घर येतो, ४ ते ६ आला तर दोन. म्हणजे त्याची सरासरी दीड घर. तुम्ही निम्म्या लढाया जिंकल्यात तर तुमचीही सरासरी दीडच, अंतर तेवढंच राहतं आणि सहाव्या लढाईच्या सुमारास तळ दिसतो. सगळ्या हरत गेलात तर अंतर हळूहळू गिळलं जातं. पाठलागानं तुमचं घर गाठलं की पुढचा डाव दुप्पट शत्रूंविरुद्ध. त्यातून जे निसटतील ते पुढे, आणि पाठलाग दोन घरं मागे. एवढ्या छोट्या पट्टीनं प्रत्येक लढाईला वजन येतं. जिंकणं म्हणजे काय आणि हरणं म्हणजे काय, हे आता मोजता येतं.

शत्रूला चालवायचं कसं? प्रत्येक वेळी मलाच ठरवावं लागतं.

तसं होत असेल तर सूचना अपुऱ्या आहेत. प्रत्येक शत्रुप्रकाराचं एक कार्ड लिहा. त्यावर चार ओळी पुरतात, पण क्रमानं. वरची लागू पडली की खालची वाचायची नाही. यंत्रपेंढाऱ्याचं कार्ड असं:

एक, सहा इंचांच्या आत सोबती नसलेला एकटा माणूस दिसत असेल तर त्याच्या अंगावर धाव. दोन, नाहीतर राखण नसलेली रसदपेटी दिसत असेल तर तिच्याकडे जा. तीन, नाहीतर दिसणाऱ्या सगळ्यात जवळच्या माणसावर गोळी झाड. चार, कोणीच दिसत नसेल तर आडोशाआडोशानं जवळच्या माणसाकडे सरक.

हे वाचल्यावर पेंढारी कळतो. तो लुटारू आहे, कळपातून मागे राहिलेल्याला टिपतो, आणि पेटी दिसली की लढाई विसरतो. आणि तुम्हालाही डाव सुचतो: पेटी आमिष म्हणून सोडायची. ही खरी गंमत. शत्रूचा स्वभाव ओळखून त्यावर डाव रचता आला पाहिजे.

मात्र तो पूर्णपणे ओळखीचा झाला की डाव संपला. म्हणून कार्ड वाचण्याआधी एक फासा टाका. १ आला तर त्या खेपेला कार्ड बाजूला. तो जवळच्या आडोशामागे जाऊन दबा धरतो. सहापैकी एक वेळ एवढी अनिश्चितता मला बरोबर वाटते. तीनपैकी एक केली की शत्रू वेडा वाटतो आणि आमिषं निरुपयोगी होतात.

राखणदारांचं कार्ड वेगळं: जागा सोडायची नाही, पण दोनदा गोळी झेलली की पाठीमागच्या दारापर्यंत हटायचं. जंगली श्वापदाचं आणखी वेगळं: आवाजाच्या दिशेनं, आडोसा न बघता. तीन कार्डं झाली की मोहीम सुरू करा, बाकीची वाटेत लिहा.

दोन माणसं अगदी समान अंतरावर असतील तर फासा: विषम आला की डावीकडचा. हेही कार्डावर लिहून ठेवा.

कोणाची पाळी आधी, हे कसं ठरवायचं?

पत्ते. तुमच्या प्रत्येक मिनीमागे एक लाल, शत्रूच्या प्रत्येक मिनीमागे एक काळं पान, आणि एक जोकर. पिसा आणि एकेक उलटा. लाल आलं की तुमच्या मर्जीच्या कोणत्याही मिनीची पाळी, काळं आलं की पुढच्या क्रमांकाच्या शत्रूची. जोकर आला की एक घटना: वादळ, वीज जाणं, तिसऱ्याच कोणाचं आगमन.

शत्रू मीच मांडला, तर धक्का कसला बसणार?

मिनी मांडू नका, खुणा मांडा. पुठ्ठ्याच्या सहा चकत्या, खालच्या बाजूला लिहिलेलं: दोनांवर शत्रू, दोन कोऱ्या, एकीवर दुप्पट शत्रू, एकीवर जखमी वसाहतकरी. पालथ्या करून मिसळा, टेबलाच्या सहा भागांत एकेक ठेवा. तुमचा माणूस चकतीला बघू शकेल अशा जागी आला की ती उलटायची. पाच पावलांवरची चकती उलटताना हात थांबतो, हे प्रत्येकाला जाणवतं.

कुमक कुठून येते त्यालाही तेच सहा भाग वापरा. फासा टाका, ज्या भागाचा आकडा त्याच्या बाहेरच्या कडेवरून कुमक. तिथे तुमचाच माणूस उभा असेल तर त्याचं नशीब.

शत्रू किती हवेत? दोन फासे टाका आणि टोळी पूर्ण असेल तर मोठा आकडा घ्या, टोळी जखमी असेल तर लहान. मोठ्याची सरासरी साडेचारच्या जरा आत, लहानाची अडीचच्या जरा वर. त्यात दोन मिळवा. एवढ्यानं दुबळ्या टोळीला श्वास घ्यायला जागा मिळते.

कार्डात नसलेला प्रश्न मधेच आला तर?

उदाहरणार्थ, दार कुलूपबंद आहे का? दोन्ही उत्तरं पटण्यासारखी असतील तरच फासा. शक्यता जास्त असेल तर ३ किंवा वर म्हणजे हो, समसमान असेल तर ४, कमी असेल तर ५. शक्यता किती ते आधी मोठ्यानं बोला, मग टाका. ज्याचं उत्तर गोष्टीतूनच उघड आहे त्यावर फासा टाकून डाव लांबवू नका.

फासा वाईट पडला की पुन्हा टाकावासा वाटतो.

स्वाभाविक आहे, कारण रखमावर जीव जडलेला असतो. म्हणून ती सवलत नियमात आणा. प्रत्येक मोहिमेत तीन ‘पुण्याई’चे मणी ठेवा. एक मणी मोडला की एक फासा पुन्हा. संपले की संपले. मणी टेबलावर समोर दिसत असले की कधी मोडायचा हाच एक मोठा निर्णय होतो, आणि शेवटच्या लढाईपर्यंत एक राखून ठेवणारे लोक मला फार आवडतात.

हरलो की मोहीम संपली का?

अजिबात नाही. संपत असेल तर मोहिमेची रचना बदला. पराभवानं गोष्ट वळली पाहिजे. पूल उडाला, आता दलदलीतून जायचं. दाजी पकडला गेला, आता पुढची लढाई त्याच्या सुटकेची, हवी तर. ती घेतलीत तर पाठलाग आपोआप एक घर पुढे. असा पेच समोर टाकणारा पराभव विजयापेक्षा जास्त काही देतो. प्रत्येक लढाई मांडण्याआधी दोन ओळी लिहा: जिंकलो तर काय, हरलो तर काय. दुसरी ओळ सुचत नसेल तर ती लढाई खेळू नका, दुसरी शोधा.

माणूस पडला म्हणजे मेला का?

लढाईत पडलेल्यासाठी नंतर दोन फासे टाकून बेरीज करा. २ किंवा ३ आली तर मृत्यू. ४-५ गंभीर जखम, कायमचा काहीतरी अधूपणा. ६ ते ८ पुढची लढाई विश्रांती. ९ ते ११ किरकोळ. १२ आली तर वाचला आणि काही अनुभव घेऊन उठला.

दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. त्यात मृत्यूच्या तीन, गंभीर जखमेच्या सात, विश्रांतीच्या सोळा, किरकोळच्या नऊ आणि १२ ची एकच. बेरजेच्या तक्त्यात मधले आकडे वारंवार येतात, म्हणून रोजच्या घडामोडी मधे आणि दुर्मीळ गोष्टी टोकांना लिहायच्या. सगळ्या घटनांना सारखी संधी द्यायची असेल तर बेरीज करू नका. एक फासा दशकाचा, एक एककाचा धरा, ११ ते ६६ पर्यंत ३६ समान शक्यता मिळतात. घटनांचा तक्ता असा करा, जखमांचा वरच्यासारखा. बारा वेळा पडल्यावर सरासरी एक मृत्यू हे प्रमाण मला सहा-आठ लढायांच्या मोहिमेला योग्य वाटतं.

जखम मिनीवरही दिसू द्या. बाळंभटाचा हात गेला तर तो खरंच कापा आणि तांब्याच्या बारीक तारेचा यांत्रिक हात लावा. दुपारभराचं काम आहे. तार चिमट्यानं कोपरात वाकवायची, टोकाला तीन बोटं म्हणून तीन पिळ सोडायचे, सांध्यावर एम-सीलचा मोहरीएवढा गोळा, वर काळा रंग आणि कडांना चंदेरी. पुढच्या लढाईत त्याला उचलताना तो हात बोटांना लागतो.

पैसे, बढती, हत्यारं यांचा हिशेब किती ठेवावा?

थोडा. रसद, पैसा आणि जहाजाची किंवा वाहनाची दुरुस्ती, एवढे तीन आकडे. चौथा घातला की हिशेबच जास्त होतो. टोळी फार तगडी होत चालली तर तिची ताकद कमी करू नका, तिची ख्याती वाढवा. ख्यातीच्या प्रत्येक तीन गुणांमागे शत्रूच्या बाजूला एक नायक, स्वतःच्या कार्डासह.

विज्ञान किती खरं ठेवावं?

जेवढं डावात बदल घडवेल तेवढं. चंद्रावर गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे एक-षष्ठांश, मंगळावर ०.३८. तशा जगात उडी लांब आणि उंचावरून पडण्याची इजा कमी, दोन ओळींचा नियम. हवा नसेल तर आवाज पोचत नाही, म्हणून श्वापदाचं आवाजाचं कार्ड तिथे निकामी आणि मागून आलेला शत्रू ऐकू येणार नाही. धुराचा पडदाही टिकत नाही. तरंगायला हवाच नसते.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो संदेशाचा उशीर. पृथ्वी-मंगळ अंतरात रेडिओ संदेशाला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणून कुमक मागितली की फासा टाका. जितका आकडा तितक्या लढायांनी ती येईल, आणि तेव्हा जी गरज होती त्यासाठी येईल. आज दारूगोळा मागवला आणि चार लढायांनी तो आला तेव्हा टोळीला औषधं हवी होती, यातून गोष्ट आपोआप तयार होते.

नोंदी कशा ठेवाव्यात?

वहीत, लढाईमागे एक पान. तारीख, पट्टीवरची दोन्ही घरं, कोण पडलं, जिंकलो-हरलोच्या दोन ओळी, आणि टोळीतल्या एकाच्या तोंडी तीन-चार वाक्यं. ती वाक्यं टाळू नका. तीन आठवड्यांनी डाव पुन्हा काढाल तेव्हा आकडे काहीच सांगणार नाहीत, पण “दाजीनं पंप सोडायला नकार दिला” एवढं वाचलं की सगळं टेबल डोळ्यासमोर येतं.

एका लढाईला वेळ किती लागतो?

दोन फुटी फळीवर, कार्डं तयार असतील तर, दीड ते दोन तास. रविवारी पोहे-जलेबीनंतर मांडला की जेवायच्या आत आटोपतो.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला सोबत घेता येईल?

छान घेता येईल. त्याला टोळीतले दोन जण द्या आणि चकत्या उलटायचं काम त्याच्याकडे ठेवा. मृत्यूचा निकाल त्याच्या माणसासाठी ‘पकडला गेला’ असा करा.

पुढे कोणी खेळायला मिळालं तर मोहीम नव्यानं सुरू करावी लागेल?

नाही. आलेल्याला शत्रूची कार्डं हातात द्या. पहिल्या लढाईत त्यानं कार्डाप्रमाणेच खेळायचं, म्हणजे नियमही शिकून होतात. दुसरीपासून प्रत्येक फेरीत एका मिनीसाठी कार्ड मोडायची मुभा द्या, तिसरीपासून दोन. पट्टी, जखमा, ख्याती, मणी सगळं आहे तसंच चालू राहतं. तो महिनाभर आला नाही तर कार्डं परत तुमच्याकडे, आणि पाठलाग पुढच्या घरात.